कार्यक्रमात बाई एकच

४ मे १९५३, सोमवार. नॉक्सव्हिल

डेलमर म्हणतो, रोजनिशी लिहिणाऱ्या बायका एकतर आजारी असतात, नाहीतर भांडकुदळ. मी ठणठणीत आहे.

लिहायला बसले कारण आज आम्हाला रेडिओवर घेतलं. म्हणजे डेलमरला घेतलं. ‘डेलमर स्टॅम्पर आणि कोल्ड ब्रांच मंडळी’, रोज दुपारी बाराला, ‘दुपारचा मेळा’ या कार्यक्रमात. डेलमर गिटारवर, शिवाय एक फिडलवाला, एक बँजोवाला आणि बेस वाजवणारा हूट. चार वर्षं शाळांच्या हॉलमधून आणि तंबाखूच्या कोठारांतून गात फिरलो त्याचं चीज झालं. मी इतकी उडी मारली की खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

मग मेळ्याचे मालक मिस्टर गॅनवे माझ्याकडे वळले. गोल चेहरा, गोड बोलणं, आणि नजर भलतीकडेच. म्हणाले, “मिसेस स्टॅम्पर, तुम्ही गाता असं ऐकलं. छान! घरी गा. मेळ्यात बाई एकच असते, आणि ती आहे.”

ती म्हणजे मिस जुनो पार्टलो. पन्नाशीची, उंच, वाळकी, नवं लाकूड चिरताना होतो तसा आवाज. आमच्या डोंगरात गिटार गळ्यात अडकवून एकटी उभी राहून गाणाऱ्या पहिल्या बायकांपैकी ही एक. मी लहान असताना वडील शेजाऱ्यांच्या पोर्चवर नेऊन रेडिओवर तिला ऐकवायचे. आज तिला प्रत्यक्ष पाहिलं तर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “नाव काय म्हणालीस?”

मी सांगायच्या आत डेलमर म्हणाला, “ही छोटी ऑर्ली. माझी बायको.”

“मी तिला विचारलं होतं,” ती म्हणाली आणि निघून गेली. काय तोरा!

७ मे, गुरुवार

डेलमर मिडल्सबरोला गेला. दर गुरुवारी जातो. तिकडच्या शाळांमधले कार्यक्रम ठरवायचे असतात. सकाळी केस कापून आला, निळा टाय लावला. मी म्हटलं, “हेडमास्तरांना भेटायला एवढा थाट?” तर म्हणाला, “अगं, माणसाचं रूप बघूनच बोलावतात.” खरं आहे ते. मलाही आधी त्याचं रूपच आवडलं होतं, गाणं नंतर.

पीठ मळता मळता एक गाणं सुचलं. सबंध. हात पिठात, लिहायचं कशाने, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आमच्या कोरामावशीचं आहे ते. तिचा नवरा डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला आणि तिकडेच रमला. ती वर्षानुवर्षं दोन ताटं मांडायची. एक दिवस एकच मांडलं. तेवढंच.

आज मी एकच ताट मांडलं,
दुसरं फळीवर पालथं घातलं.

डेलमर तिन्हीसांजेला परत आला. सोबत सफरचंदाचा थरांचा केक, चांगल्या बशीत, वर भरतकाम केलेला रुमाल, कोपऱ्यात लाल दोऱ्याने ‘आर’. शाळेतल्या कुणा बाईंनी दिला म्हणे. किती चांगली असतात माणसं! केक उत्तम होता. मला असे पातळ थर कधी जमले नाहीत.

१२ मे, मंगळवार

काल हॅरोगेटच्या शाळेत कार्यक्रम झाला. डेलमरचा घसा बसला होता म्हणून त्याने मला दोन गाणी म्हणायला सांगितली. पहिलं भजन म्हटलं. दुसरं कोरामावशीचं.

आधी त्रासच झाला. बँजोच्या तारा डेलमरच्या पट्टीत लावलेल्या, फिडल त्याच पट्टीत, आणि बाईला ती वरच्या सप्तकात घ्यावी लागते, म्हणून मला फार चढते. बायकांना चार-पाच सूर खाली लागतं, पण दोन गाण्यांच्या मध्ये कोण तारा जुळवत बसणार? सगळ्याच बँडांत असंच चालतं. बाईने पुरुषाच्या पट्टीत चढून किंचाळायचं, आणि लोकांनी म्हणायचं, बायकांचा आवाज जरा टोचतोच नाही? शेवटच्या कडव्याला माझ्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या.

तरीसुद्धा गाणं संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, मेले. मग पहिल्या बाकावरची एक म्हातारी उठली, तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “अगं, पुन्हा म्हण.” पुन्हा म्हणावं लागलं. बायका रडत होत्या, पुरुष टोप्यांकडे बघत होते.

मग गाडीने परत निघालो. हूट एरवी मला चिडवल्याशिवाय एक मैल जात नाही. काल खिडकीबाहेरच बघत बसला. मी विचारलं, “हूट, वाईट झालं का रे?”

“नाही ऑर्ली,” तो म्हणाला. “फार चांगलं झालं. हे कुणावर लिहिलंस?”

“कोरामावशीवर.”

“बरं,” तो म्हणाला, आणि डेलमरच्या मानेकडे बघत राहिला. डेलमरने एवढंच म्हटलं, “गाणं दुःखी आहे. लोकांना हसायला यायचं असतं.”

१५ मे, शुक्रवार

नाकाला मिरच्या झोंबल्यात माझ्या. मेळ्याला मी डेलमरचा डबा घेऊन जाते, मक्याची भाकरी आणि ताक. आज मिस जुनोने मला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं.

“हॅरोगेटला गायलीस म्हणे.”

“हो.”

“किंचाळलीस म्हणे.”

ती गिटारची तार पिळत होती, मान वर न करता. “स्वयंपाकघरात गातेस का?”

“गाते.”

“तिथे आवाज फाटतो?”

“नाही.”

“मग तिथलंच गात जा.”

म्हणजे स्वयंपाकघरातच राहा! सरळ तोंडावर! मी ताड ताड जिना उतरले. ताकाची बाटली तिथेच राहिली, ती तिने प्यायली असणार.

खरं काय आहे ते मला कळतं. गॅनवेच्या कानावर हॅरोगेटची गोष्ट गेली आहे. बाईची जागा एक, ती या बाईने पंधरा वर्षं धरून ठेवली आहे, आणि माझ्याकडे बघितलं की तिच्या पोटात गोळा येतो. येऊ दे.

२१ मे, गुरुवार

मोठी बातमी.

नॅशव्हिलहून मिस्टर ओडम येणार आहेत. रेकॉर्ड काढणारे. पाच जूनच्या शुक्रवारी ते मेळ्यात बसून ऐकणार, आणि गॅनवेनी स्वतः सांगितलं की ‘एक ताट’ ऐकवा. त्या दिवशी मिस जुनो गाणार नाही. बाई एकच ना! मी गाणार.

डेलमरने मला उचलून गरगर फिरवलं. मग खाली ठेवून म्हणाला, “फक्त शेवटचं कडवं बदलू. मी लिहून ठेवलंय.”

माझं कडवं असं आहे:

येशील तेव्हा दार ढकल,
कडी नाही, कुलूप नाही;
घरात सारं जिथल्या तिथं,
वाट तेवढी पाहत नाही.

त्याचं असं:

येशील तेव्हा माफ कर,
वेडी तुझी बाई;
दुसरं ताट पुसून ठेवते,
राग मुळीच नाही.

मी म्हटलं, “डेलमर, मावशी माफी का मागेल? तिने काय केलंय?”

“मावशी नाही गं मागत, गाण्यातली बाई मागते.”

“तिने तरी काय केलंय?”

तो चिडला. त्याला चिडताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. तो हसून वेळ मारून नेणारा माणूस. म्हणाला, “तुला कळत नाही ऑर्ली. बाईने नवऱ्याला दार दाखवलेलं रेडिओवर चालत नाही. दुपारी घराघरात ऐकतात. मेळ्याला पैसे पुरवणारे पीठवाले जाहिरात काढून घेतील. शेवट गोड केला तर रेकॉर्ड होईल, नाहीतर बस पीठ मळत.” आणि तावातावाने मिडल्सबरोला गेला. टाय विसरला, तो घ्यायला अर्ध्या वाटेवरून परत आला.

रेडिओचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ते कडवं म्हणताना जीभ अडखळते.

२८ मे, गुरुवार

घसा धरला आहे. रोज त्याच्या पट्टीत सराव. मध आणि गरम पाणी. डेलमर मिडल्सबरोला.

आज मिस जुनो घरी आली! मालकीणबाई झाडू हातात घेऊनच बाहेर धावल्या. त्या रोज तिला रेडिओवर ऐकतात. ती पायऱ्यांवरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

“शेवटचं कडवं बदललं म्हणे,” ती म्हणाली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“हूटने. पोरी, पुरुषांना गाण्याचं पहिलं कडवं दिलं तरी चालतं. शेवटचं द्यायचं नाही.”

“पण शेवट गोड नसेल तर मिस्टर गॅनवे चिडतील.”

“चिडू देत.”

तुमचं काय जातं म्हणायला, असं अगदी ओठांवर आलं होतं. गॅनवे माझ्यावर चिडले की जागा कुणाची राहणार? तिचीच. एवढं न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. मी नम्रपणे म्हटलं, “माझा नवरा बघेल काय ते.”

तिने विचारलं, “तुझं माहेरचं चर्च कुठलं?”

“ओल्ड बॅप्टिस्ट. लेचर परगणा.”

“म्हणजे वाद्यांशिवाय गाणारे.”

“हो. वाद्य आणलं तर म्हातारे उठून जातात. उपदेशक ओळ सांगतो, आम्ही ओढून म्हणतो.”

“मग तुला बँडची भीती का वाटते?” असं म्हणून ती उठलीच. हिच्याशी बोललं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

२ जून, मंगळवार

भांडलो. मालकीणबाईंचा झाडू दोनदा वाजला.

मी म्हटलं, मला माझ्या पट्टीत गायचंय. तो म्हणाला, बँजोवाला ऐकणार नाही. मी म्हटलं, बँड तुझ्या नावाचा आहे की बँजोवाल्याच्या? तो म्हणाला, खालच्या पट्टीत तू पुरुषासारखी वाटतेस. मी म्हटलं, वरच्या पट्टीत मी शेपटीवर पाय दिलेल्या मांजरासारखी वाटते. यावर तो हसला, मीही हसले, आणि मग रडलेच.

शेवटी सौदा झाला. मी त्याचं कडवं म्हणायचं, त्याने माझी पट्टी द्यायची. त्याने माझा हात हातात घेऊन शब्द दिला. डेलमरने दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही, निदान माझ्या माहितीत तरी नाही.

मग मला आनंद का होत नाही? कोरामावशीला मी काय सांगू? तिच्याकडे रेडिओ आहे.

४ जून, गुरुवार

सराव माझ्या पट्टीत झाला. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका तो घरच्यासारखा निघाला. बँजोवाल्याने कुरकुर केली पण वाजवलं. शेवटचं कडवं मात्र तांदळातल्या खड्यासारखं दाताखाली येतं. गिळेन. शब्द तो शब्द.

सराव संपल्याबरोबर डेलमर मिडल्सबरोला. मी म्हटलं, आजचा दिवस तरी राहा ना. म्हणाला, “गेलो नाही तर वाईट दिसेल.”

५ जून, शुक्रवार

आता दुपारचे चार वाजलेत. डेलमर आलेला नाही. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मला खोटं वाटेल.

स्टुडिओत माइक एकच, सगळे त्याच्याभोवती गोल. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे खांदे तिरके करून वाट देतात. काचेपलीकडे गॅनवे आणि मिस्टर ओडम, मांडीवर टोपी ठेवलेले. मिस जुनो भिंतीला टेकून बसलेली, गिटार पायाशी. तिला घरी थांबायला सांगितलं होतं, तरी आली. मला वाटलं, माझी फजिती बघायला आली.

गॅनवेनी माइकवर येऊन जाहीर केलं, “आणि आता डेलमरची लाडकी, छोटी ऑर्ली!” डेलमरने मान हलवली, फिडलने सुरुवात केली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याची पट्टी.

मी वळून पाहिलं. तो हसत होता, तारा छेडत होता, आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता. चुकून झालं असेल असं वाटून मी डोळ्यांनी विचारलं. हूटने बेसच्या आड तोंड लपवलं. तेव्हा कळलं की चुकून नाही.

मी गायला लागले. दुसरं काय करणार? पहिलं कडवं कसंबसं ओढलं. दुसऱ्याच्या वरच्या ओळीला आवाज फाटला, अख्ख्या टेनेसीसमोर, केंटकीसमोर, कोरामावशीसमोर. काचेपलीकडे मिस्टर ओडमनी निघायला म्हणून टोपी उचलली.

आणि मी थांबले.

बँड चार ठोके पुढे गेला आणि अडखळून थांबला. रेडिओवर शांतता म्हणजे काय ते बाहेरच्यांना नाही कळायचं. गॅनवे पांढरेफटक पडले, दोन्ही हात हवेत फिरवू लागले. डेलमर दातांतून म्हणाला, “ऑर्ली, म्हण ना!”

मी डोळे मिटले. चर्चमध्ये म्हातारा उपदेशक ओळ सांगून थांबला की जो क्षण असतो, तो धरला, आणि माझ्या पट्टीत पहिली ओळ लावली. वाद्याविना. आज मी एकच ताट मांडलं. आवाज गळ्यातून नाही, पोटातून आला. माझी मलाच भीती वाटेनाशी झाली.

दुसऱ्या कडव्याला माझ्या डाव्या बाजूने गिटार आली. एकच जाडी तार, मग दुसरी, बरोबर माझ्या पट्टीत. मी डोळे उघडले. मिस जुनो. खांदा माझ्या खांद्याला लावून उभी. बाई एकच असणाऱ्या कार्यक्रमात, चालू माइकसमोर, दोन बायका. ती गायली नाही. फक्त वाजवत राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, श्वास कुठे घेते ते. स्वयंपाकघराचं ती का बोलली होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

मग शेवटचं कडवं आलं. सौदा त्याने मोडला होता. मी माझं कडवं म्हटलं.

‘येशील तेव्हा दार ढकल’ म्हणताना मी डेलमरकडे पाहिलं. तो रागावला असेल असं वाटलं होतं. तो रागावलेला नव्हता. घाबरला होता. चोरी करताना पकडलेलं पोर जसं बघतं तसा बघत होता. गाण्याला कोण घाबरतं? आणि मग सगळं एकदम समोर आलं. गुरुवार. निळा टाय. बशीवरचा रुमाल. हूटचं डेलमरच्या मानेकडे बघणं. गावाला माहीत होतं, हूटला माहीत होतं, या बाईला माहीत होतं, माझ्या गाण्यालासुद्धा माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

वाट तेवढी पाहत नाही. शेवटची ओळ मी त्याला म्हटली. आवाज जरासुद्धा हलला नाही याचं मला अजून नवल वाटतंय.

६ जून, शनिवार

डेलमर आला आणि गेला.

कालचं उरलेलं आधी लिहिते. गाणं संपलं आणि स्टेशनचे दोन्ही फोन वाजायला लागले, थांबेचनात. सगळ्या बायका. काहींच्या मागे कढईचा आवाज येत होता म्हणे. मिस्टर ओडम बाहेर आले आणि विचारलं, “गाणं कुणाचं?”

डेलमर म्हणाला, “आमचं दोघांचं. मी लिहितो, ही गाते.”

“मी लिहिलं,” मी म्हटलं. “सगळं. शेवटचं कडवंसुद्धा.” चार पुरुषांच्या देखत नवऱ्याला खोटं पाडायची माझी पहिलीच वेळ.

ओडम म्हणाले, “तुम्ही म्हटलंत त्या पट्टीत रेकॉर्ड करू. नाव काय लावायचं?”

“ऑर्लीन बॅगेट,” मी म्हटलं. माहेरचं आडनाव. आधी ठरवलं नव्हतं.

गॅनवे मात्र सरळ मिस जुनोकडे गेले. “जुनो, तुला मेळ्याचा नियम माहीत आहे.”

“मीच तर तो पंधरा वर्षं पाळला,” ती म्हणाली.

“सोमवारपासून येऊ नकोस.” मग माझ्याकडे वळून गोड आवाजात, “मिसेस स्टॅम्पर, सोमवारी बाराला.”

आज डेलमर सकाळी आला. दारात उभा राहून म्हणाला, “पट्टी चुकून झाली गं. हाताला सवय ना.” मी विचारलं, “तिचं नाव काय?” मीच पुढे म्हटलं, “आर वरून काय? रोझ? रूबी?” म्हणाला, “रूथ.” आणि मग म्हणाला, “तुला हे गाण्यात घालायची काय गरज होती, ऑर्ली?” देवाशपथ, मी काहीच घातलं नव्हतं. पण आता कोण विश्वास ठेवणार? त्याने कपडे भरले. त्यानेच मला पहिल्यांदा गिटार धरायला शिकवलं होतं, बोटं दुखली की फुंकर घालायचा. ते आठवून मी भांड्यांपाशी उभी राहून पोटभर रडले. गाडी गेल्याचा आवाज आला तरी खिडकीशी गेले नाही.

दुपारी मिस जुनोकडे गेले. सांगितलं की मी सोमवारी जाणार नाही, तुमची जागा मला नको.

“मोठेपणा करू नकोस,” ती खेकसली. “तू गेली नाहीस तर ते तिसरीला आणतील, आणि ती किंचाळेल. जा.”

“मग तुमचं काय?”

“माझ्या आधी त्या माइकवर आयडा क्रॅबट्री होती. रेडिओवर तिला नुसतं ‘कझिन आयडा’ म्हणायचे. ती गिटार वाजवायची तसं मला अजून जमत नाही. तिला पोर झालं, महिन्याभराने ती परत आली तर तिथे मी उभी होते. ती दारातून मागे फिरली. पंधरा वर्षांत त्या माइकवर तिचं नाव कुणी घेतलं नाही. मीपण नाही. नियम असा आहे पोरी, की बाई एकच. म्हणजे आधी कुणी नव्हतीच.”

तिने मला बिस्किटं आणि जॅम खायला घातलं. ताकाची बाटली धुऊन परत दिली.

८ जून, सोमवार

गेले.

मधे डेलमरच्या मंडळींची जागा रिकामी. हूट तेवढा आला होता, बेस घेऊन. म्हणाला, “माझं जेवण मेळ्यावर चालतं, डेलमरवर नाही.” मग खाली बघून म्हणाला, “मी तुला सांगायला हवं होतं.” मी म्हटलं, “हो, हवं होतं. आता माझ्या पट्टीत वाजव.”

गॅनवेनी बजावलं होतं की शुक्रवारचं एक अक्षर काढायचं नाही. नमस्कार, पीठ, गाणं. माइकवर जाऊन त्यांनी घोषणा केली, “आपली नवी मुलगी, छोटी ऑर्ली!”

मी पुढे झाले. म्हटलं, “नमस्कार मंडळी. मी ऑर्लीन बॅगेट. शुक्रवारपर्यंत या जागेवर मिस जुनो पार्टलो उभ्या असायच्या. पंधरा वर्षं. त्यांच्या आधी आयडा क्रॅबट्री. मी तिसरी.”

काचेपलीकडे गॅनवे इंजिनिअरला गळ्यावरून हात फिरवून दाखवत होते, बंद कर, बंद कर. इंजिनिअरला नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा होता. मी गाणं सुरू केलं. दुसरं कडवं जरा घाईत गेलं, ते सुधारायला हवं.

कार्यक्रम संपल्यावर फोन वाजला. पीठवाले असणार म्हणून गॅनवेनी कपाळ धरूनच उचलला. ऐकलं. मग एक शब्द न बोलता रिसीव्हर माझ्या हातात दिला.

बाईचा बारीक, थकलेला आवाज. “तू आत्ता कुणाचं नाव घेतलंस?”

“आयडा क्रॅबट्री.”

“रेडिओवर आडनाव कधी लावलं नव्हतं गं माझं. तुला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, “मिस जुनोने.”

मग ती म्हणाली, “मी रोज ऐकते. पंधरा वर्षं, रोज बारा वाजता, हातातलं काम टाकून. घरातले विचारतात, तुझ्या जागेवरच्या बाईला कशाला ऐकतेस? तिला आठवते का मी?”

“आठवता. ती म्हणते, तुमच्यासारखी गिटार तिला अजून जमत नाही.”

ती हसली की रडली, मला कळलं नाही. मी तिचा पत्ता विचारून घेतला, मेरीव्हिल, नदीकाठी. उद्या मेळा झाला की मिस जुनोला घेऊन जाणार आहे. नाही म्हणाली तर ओढत नेईन.

फोन ठेवला तर गॅनवे समोर उभे. “पीठवाल्यांचाही आला होता,” ते म्हणाले. “बायका पीठ विकत घेताहेत, तेव्हा तुझं नशीब. पण उद्यापासून गाणं जास्त, बोलणं कमी. आणि लक्षात ठेव, मेळ्यात बाई एकच.”

“तीन झाल्या, साहेब,” मी म्हटलं, आणि टोपी घेऊन घरी आले.